वरून 'हां' येईपर्यंत

मी बावीस वर्षं जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत स्टोअरकीपर होतो, आणि त्यातली तेरा वर्षं संध्याकाळी लोकांना पडायला शिकवत होतो. पहिल्या कामाबद्दल मला कधी कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्याबद्दल मात्र अजून विचारतात. परवा दाणाबाजारात एका गृहस्थांनी मला अडवलं आणि म्हणाले, "तुम्ही ते कराटेवाले मास्तर ना?" सत्तरी उलटली तरी या एका शब्दानं माझा पारा चढतो. मी म्हटलं, "नाही, मी ऐकिडोवाला." ते म्हणाले, "तेच ते." तेच ते नाही, एवढं सांगायलाच बहुधा मी हे लिहायला बसलो आहे. दुसरंही एक कारण आहे, पण तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल.

डोळे मिटले की अजून ती शेड दिसते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई मोकळी करायची. हंगाम दिवाळीला सुरू होतो, उन्हाळा तापला की संपतो, आणि मग पाच-सहा महिने यंत्रं गप्प असतात. पत्र्याची ती लांबलचक शेड तेव्हा अगदी रिकामी असायची. छपराखालच्या लोखंडी कैच्यांवर हंगामभर साठलेली रुईची तुसं तेवढी खाली येत राहायची, वारा नसला तरी. संध्याकाळी पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि त्या पट्ट्यात ती तुसं इतकी सावकाश तरंगायची की आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत आणि वरून कोणीतरी काहीतरी सोडत आहे असं वाटायचं. तिथे बोललं तरी आवाज हळूच निघायचा. बाहेर जळगावचा मे महिना भाजून काढत असायचा आणि आत आम्ही आठ-दहा माणसं पांढरे कपडे घालून एकमेकांना पाडत असायचो.

हे वेड मला धुळ्यात लागलं. ऐंशीच्या सुमारास मी तिथल्या एका सूतगिरणीत होतो. तिथे जपानी यंत्रं आली, ती बसवायला हायाशी नावाचे इंजिनिअर आले, आणि स्टोअरच्या चाव्या माझ्याकडे म्हणून साहेबांची सरबराईही माझ्याकडेच आली. त्यांना वरणभात आवडायचा. शेवभाजीनं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि डोळे पुसत ते पुन्हा वाटी पुढे करायचे. रोज पहाटे गेस्ट हाउसच्या मागच्या हिरवळीवर ते एकटेच हात पुढे करून गोल गोल फिरायचे. माळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, साहेबना आंगमा येस, दुसरं काही नही." मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी जवळ गेलो. साहेबांनी हसून हात पुढे केला आणि मनगट धरायची खूण केली. मी धरलं. नंतर काय झालं ते मला कळलं नाही. मी हिरवळीवर उताणा होतो, कुठेही दुखत नव्हतं, आणि वर खूप उंच एक घार फिरत होती. ती घार अजून कधीकधी स्वप्नात येते.

साहेब मात्र हलले नव्हते. हात अर्धवट पुढे, गुडघे किंचित वाकलेले, नजर माझ्यावर. मी उठून कपडे झटकेपर्यंत ते तसेच उभे. मला वाटलं, साहेब रागावले. पुढे रोजच शिकू लागलो तेव्हा दिसलं, की प्रत्येक वेळी पाडून झाल्यावर ते असेच बघत उभे राहतात. एकदा धीर करून विचारलं. त्यांनी माझ्या वहीत एक शब्द लिहिला, झानशिन, आणि तोडक्या इंग्रजीत सांगितलं की फेकून झालं तरी काम झालेलं नसतं, मन अजून तिथेच उरलेलं असतं. मी "हो हो" म्हटलं. माझ्या वहीत तोपर्यंत चाळीसेक शब्द जमले होते, त्यात हा एक वाढला.

ते शब्द मला तेव्हाही फार आवडायचे. तोंडात घोळवत मी गिरणीत फिरायचो. आमच्यात पाडणारा तो नागे आणि पडणारा तो उके. पडायच्या कलेला उकेमी म्हणतात, आणि साहेब सांगायचे की त्याचा खरा अर्थ पडणं नाही, घेणं. जमीन अंगावर येते, ती नीट घ्यायची. दोन माणसांमधल्या योग्य अंतराला माआई म्हणायचं. समोरच्याच्या जोरातून थेट आत शिरणं म्हणजे इरिमी, आणि त्याच्या बाजूला होऊन वळणं म्हणजे तेनकान. वळल्यावर तुम्ही आणि तो एकाच दिशेला बघत असता, आणि तिथून त्याचा जोर जिकडे निघाला आहे तिकडेच त्याला पोचवून द्यायचं असतं. जोराला जोर लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे ज्यानं तुमच्यावर हात टाकला, तोही धडधाकट घरी गेला पाहिजे. म्हणून यात स्पर्धा नाही, कप नाही, पदक नाही. सरावाआधी दोघं एकमेकांना वाकून 'ओनेगाइशिमासु' म्हणतात, म्हणजे कृपा करून माझ्याबरोबर शिका. एवढा लांब शब्द केवळ समोरच्याला मान द्यायला, याचं मला फार कौतुक वाटायचं.

साहेब परत निघाले तेव्हा मी त्यांना सोडायला चाळीसगावपर्यंत गेलो, कारण मुंबईची गाडी तिथून. गाडी हलली, मी हात हलवला, डोळे भरून आले. मग रडका चेहरा कोणाला दिसू नये म्हणून मी वळलो आणि चहाच्या स्टॉलकडे गेलो. चहा हातात घेऊन सहज मागे पाहिलं, तर गाडी बरीच लांब गेली होती आणि डब्याच्या दारात साहेब अजून माझ्याकडेच तोंड करून उभे होते. दोन्ही हात मांड्यांना लावून, सरळ. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच होते. माझ्या पाठीकडे बघत ते किती वेळ उभे होते, कोण जाणे. तेव्हा मला नुसतं ओशाळल्यासारखं झालं. त्या उभं राहण्यालाही वहीतला तोच शब्द लागू होतो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढे मी जळगावला आलो. ज्या जिनिंगमध्ये लागलो तिचे मालक बन्सीशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ इथलेच. हिशेबाला पक्के आणि मनानं हौशी. बंद शेड संध्याकाळी वापरायला मागितली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून चौकशी केली.

"मास्तर, ह्याच्यात जिंकतो कोण?"

"कोणी नाही, शेठजी."

"मग हरतो कोण?"

"कोणीच नाही."

"अरे, मग हा धंदा चालतो कसा?" त्यांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "घ्या शेड. कोणी हरत नाही तर भांडणं पण होणार नाहीत. पण आत बिडी पेटली तर मी तुम्हालाच पाडीन."

गाद्या रशीदचाचांनी केल्या. चाचा पिंजारी. फॅक्टरीतली झाडलोटीची रुई शेठनी तशीच देऊन टाकली, आणि चाचांनी ती पिंजून, दाबून, जाड काथ्यानं शिवून बारा गाद्या केल्या. वरून ताडपत्री ताणून बांधायची. खऱ्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, तातामी नावाच्या चटया असतात. आमच्या तातामीला सरकीच्या तेलाचा वास यायचा. त्या वासाची मला इतकी सवय झाली आहे, की आजही कुठे तो आला की पाय आपोआप जरा लांब पडतात आणि गुडघे वाकतात.

गावात तेव्हा नुकतेच व्हिडिओ पार्लर आले होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात जी मुलं आली ती कौलं फोडायला आली. एकानं तर पिशवीतून घरची चार कौलं आणली होती. मी सांगितलं, इथे पहिले सहा महिने पडायला शिकायचं. पुढच्या आठवड्यात निम्मी गेली, कौलंही गेली. राहिले ते वेगळेच लोक होते. एक एसटीचे कंडक्टर होते, यावल गाडीवरचे. त्यांनी वर्षभर शिकून मला सांगितलं, "मास्तर, तुमचं ते माआई मी गाडीत रोज करतो. बाईमाणसाला तिकीट देताना किती लांब उभं राहायचं आणि दारुड्याला देताना किती जवळ, हे कळलं तर भांडणच होत नाही." मी हे वहीत लिहून ठेवलं. हायाशी साहेबांच्या अक्षरांखाली माझ्या अक्षरात.

आणि सुकदेव राहिला. सुकदेव आमच्याच फॅक्टरीत हमाल. हंगामात सरकीची पोती वाहायची, एरवी स्टेशनावर वॅगनमध्ये केळीचे घड भरायचे. तिशीचा, बुटका, रुंद, आणि बोलायला अगदी कमी. तो का आला हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाला, "फळीवरथून एक डाव पडनू व्हतू मास्तर. तवयपासून भ्या वाटस." फळी म्हणजे थप्पीवर चढायला तिरका लावलेला लांब लाकडी पाट. पोत्यांची थप्पी दोन माणसं उंच होते, आणि पाठीवर पोतं घेऊन त्या लवलवत्या फळीवरून वर जायचं असतं. त्याला कोणाला पाडायचं नव्हतंच. त्याला फक्त नीट पडता यायला हवं होतं.

तीन वर्षांत तो माझा सर्वांत चांगला उके झाला. इतकं सुंदर पडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एवढं दणकट शरीर, पण गादीवर टेकताना चादर झटकून टाकल्यासारखा आवाज यायचा, बस. मला तो 'ओनेगाई' म्हणायचा आणि लगेच जोडून 'राम राम'ही म्हणायचा. त्याच्याबरोबर सराव करताना माझ्या अंगात काहीतरी हलकं व्हायचं. उन्हाचा पट्टा, तरंगणारी तुसं, आणि त्यातून तो येतो आहे, मी वळतो आहे, तो जातो आहे. कितीतरी संध्याकाळी मला असं वाटायचं की यात मी काही करतच नाही. कदाचित खरंच मी काही करत नव्हतो, तोच छान पडत होता. पण तेव्हा मला वाटायचं की मी फार चांगला शिकवतो.

मग ते पंधरा ऑगस्टचं प्रात्यक्षिक आलं. एका शाळेच्या मैदानावर झेंडावंदनानंतर कार्यक्रम होता. आमच्या शिस्तीत प्रात्यक्षिक म्हणजे काही गैर नाही, पण मी त्यासाठी जे केलं ते सांगायला हवं. माझ्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं, आजही नाही. काळा पट्टा बांधायचा हक्क मला कोणी दिलेला नव्हता. तरी मी शिंप्याकडून काळा पट्टा शिवून घेतला. मंडपात बडे पाहुणे बसणार होते, आणि पांढऱ्या पट्ट्यात मी शिपाई दिसलो असतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

गाद्या बैलगाडीतून मैदानावर नेल्या. रात्री पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. शेडमध्ये ताडपत्रीची टोकं लोखंडी खांबांना बांधायचो, इथे खांब नव्हते. चाचा म्हणाले, खुंट्या ठोका. मी म्हटलं वेळ नाही, पाहुणे आलेत. सगळं छान चाललं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी सुकदेव धावत आला, मी आत शिरलो, वळलो आणि त्याला पुढे सोडलं. या फेकीत नागे उकेचा हात शेवटपर्यंत धरून ठेवतो, म्हणजे पडणाऱ्याला आधारही मिळतो आणि कुठे पडायचं ते ठरवताही येतं. मंडपात पाहुणे उठून उभे राहिले होते. टाळ्यांचा मोठा आवाज झाला. मी हात सोडला, मंडपाकडे वळलो आणि दोन्ही हात जोडून वाकलो.

वाकलेलो असतानाच टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता भाषण असेल. मी तसाच हसत उभा होतो. मग मागून चाचांची हाक ऐकू आली.

ओल्या गवतावर दोन गाद्या सरकून त्यांच्यात फट पडली होती. ताडपत्री वर तशीच होती, म्हणून कोणाला दिसली नाही. सुकदेवचा खांदा बरोबर त्या फटीत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, कॉलरबोन मोडलं आहे, उजव्या बाजूचं. जुळेल, पण ओझं पुन्हा पेलेल का ते आता सांगता येणार नाही. चाचा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. मी त्यांना म्हटलं, गाद्या सरकल्या हो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गादी तो मेरी सरकी मास्तर. हाथ किसका छूटा?"

आठ दिवस मी त्याच्या घरी गेलो नाही. लाज वाटत होती, दुसरं कारण नव्हतं. नवव्या दिवशी गेलो. सुकदेव खाटेवर बसला होता, दोन्ही खांद्यांभोवती पट्टा बांधलेला. त्याची बायको मीराबाई चुलीपुढे होती. तिनं मला बसा म्हटलं नाही. "तुमना जपानी खेयले मनाच घरना माणूस सापडना का?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. नंतर मला कळलं की धनराज मुकादमानं तिला निरोप पाठवला होता. हमालांची टोळी म्हणजे मोजकी माणसं. एकाला झेपेना तर बाकीच्यांच्या पाठीवर ते ओझं येतं. हंगाम सुरू होईपर्यंत सुकदेवला पोतं नेता आलं तर ठीक, नाहीतर त्याच्या जागी अमळनेरकडचा माणूस घेणार. यात मुकादमाचं काही चुकत नव्हतं.

सुकदेवनं मला खाटेवर सरकून जागा दिली. मी कडेला टेकलो. मग त्यानं विचारलं, "मास्तर, मी पडनू तवय तुम्ही कथा देखी राह्यनथात?"

मी म्हटलं, "पाहुण्यांकडे."

त्यानं मान हलवली. रागावला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. म्हणाला, "आम्ही तसं नही करतस मास्तर. दुसराना पाठवर पोतं दिधं, का वरथून 'हां' ये तवलगुन आम्ही तोंड फिरावतस नही."

मी रोज त्याच फॅक्टरीत होतो. ते रोज बघत होतो. एकजण खाली उभा राहून दुसऱ्याच्या पाठीवर पोतं चढवून देतो, आणि मग दुसरा फळीवरून वर जाईपर्यंत तिथेच उभा राहतो. हात अर्धवट पुढे, गुडघे किंचित वाकलेले, नजर वर. वरच्यानं पोतं टाकलं की तो 'हां' म्हणतो, मग खालचा वळतो. मला वाटायचं की ही माणसं तेवढाच दम खातात. एकदा मी शेठना म्हटलंही होतं, की यात फार वेळ जातो. चाळीस शब्दांची वही उशाला घेऊन झोपणारा मी, आणि झानशिन माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून दोनशे वेळा होत होतं. तीन वर्षं मी तो शब्द सुकदेवला शिकवत होतो. तो मुकाट्यानं 'हो मास्तर' म्हणत होता. आपल्या रोजच्या कामाला जपानमध्ये एवढं मोठं नाव आहे, म्हणून त्याला कदाचित बरंही वाटत असेल. मला त्या खाटेवर बसून रडू आलं. मीराबाईनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि पुन्हा चुलीकडे गेली.

काळा पट्टा मी त्याच संध्याकाळी कात्रीनं कापला आणि स्टोअरमध्ये दारं पुसायला ठेवला. वर्ग बंद केला. शेठ म्हणाले, "एक माणूस पडला म्हणून दुकान बंद?" मी म्हटलं, "तो वर पोचेपर्यंत बंद." त्यांना ते नीट कळलं नसावं, पण त्यांनी शेडची चावी परत मागितली नाही.

सुकदेवच्या खांद्यांभोवतीचा पट्टा सुटल्यावर डॉक्टरांनी खांद्याला हळूहळू हालचाल द्यायला सांगितलं. आमच्या सरावात तलवार उगारल्यासारखे दोन्ही हात सावकाश डोक्यावर न्यायचा एक प्रकार आहे. तलवार कुठून आणणार, मी वेळूची काठी घेतली. रोज सकाळी माझं काम सुरू होण्याआधी सुकदेव शेडमध्ये यायचा आणि आम्ही समोरासमोर उभे राहून काठ्या वर न्यायचो, खाली आणायचो. पहिल्या आठवड्यात त्याची काठी छातीशी थांबायची. मी माझीही तिथेच थांबवायचो. सकाळचं ऊन पूर्वेच्या झरोक्यातून यायचं, तुसं तशीच उतरत असायची, आणि त्यात दोन काठ्या इंच-इंच वर जायच्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत शांत दिवस होते. एखाद्याच्या मोडलेल्या हाडामुळे आपल्याला शांत वाटावं याची टोचणी होतीच, आणि तरी वाटायचं. भाद्रपद गेला, आश्विन गेला. काठी हनुवटीशी आली, कपाळाशी आली. एका सकाळी ती डोक्यावर पोचली, आणि सुकदेव वर बघत म्हणाला, "काठीले वजन नही ना मास्तर. पोताले शे."

त्यानं पुन्हा कधी पडून दाखवलं नाही आणि मीही त्याला कधी 'पड' म्हटलं नाही.

दिवाळी झाली. वजनकाट्याचं पूजन झालं, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेरपर्यंत लागल्या, यंत्रं धडधडू लागली. आठवड्याभरात सरकीची पहिली पोती भरली. त्या सकाळी धनराज मुकादम टोळी घेऊन थप्पीपाशी उभा होता. अमळनेरचा माणूसही आला होता, हातात टॉवेल घेऊन बाजूला थांबला होता. मीराबाई फाटकाजवळ दिसली. ती आत आली नाही.

मुकादम म्हणाला, "सुकदेव, एक पोतं वर ने. नेलं तं तुनी जागा तुनी. पोतं कोण दी?"

सुकदेवनं टोळीकडे पाहिलं, मग स्टोअरच्या दारात मी उभा होतो तिकडे पाहिलं. "मास्तर देतीन," म्हणाला.

टोळीत कोणीतरी हसलं. मी आयुष्यात पोतं उचललेलं नव्हतं. दुसऱ्या एका हमालानं एक बाजू धरली, मी दुसरी. सुकदेव वाकून उभा राहिला. मी त्याच्या कानाशी हळूच 'ओनेगाइशिमासु' म्हटलं. तो म्हणाला, "राम राम." आम्ही पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं. त्याचे पाय एकदा थरथरले आणि मग रोवले गेले. त्यानं उजवा हात मागे नेऊन पोत्याचा कान पकडला. तेव्हा त्याचा चेहरा मला दिसला नाही, पण मान ताठ झालेली दिसली.

तो फळीवर चढला. फळी लवली. मी तिथेच उभा होतो. दुसरं पाऊल, तिसरं. मध्यावर तो थांबला. यंत्रांच्या धडधडीतही ते थांबणं मला ऐकू आल्यासारखं वाटलं. हवेत नवी रुई तरंगत होती आणि माझ्या पापण्यांवर बसत होती, पण मी डोळा मिटला नाही. नेमकी त्याच वेळी ऑफिसच्या पायरीवरून शेठची हाक आली. "मास्तर! व्यापारी आलेत मुंबईचे, तुमचं नाव काढतायत! या इकडे!" लगेच दुसरी हाक आली. माझी मान जाग्यावरून हलली नाही. माझे हात अर्धवट पुढे तसेच राहिले होते, हे मला नंतर कळलं.

सुकदेवनं उजवा खांदा किंचित खाली घेतला, पोतं जरा सरकवलं, आणि पुढचं पाऊल टाकलं. मग आणखी एक. तो थप्पीवर दिसेनासा झाला. पोतं पडल्याचा दबका आवाज आला. त्यानंतर बराच वेळ, म्हणजे मला वाटला तेवढा वेळ, काहीच नव्हतं.

"हां!"

टोळी हलली, मुकादम वळला, अमळनेरच्या माणसानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो फाटकाकडे निघाला. फाटकाजवळ मीराबाई नव्हती, ती घरी जायला निघालीसुद्धा होती. मी मात्र तिथेच उभा होतो. फळीवरून खाली येणारे सुकदेवचे पाय मला आधी दिसले, मग घामानं भिजलेली छाती, मग चेहरा. माझ्यासमोर येऊन तो पाठ वळवून वाकला आणि मान तिरकी करून म्हणाला, "देखी काय राह्यनात मास्तर, दुसरं द्या."